अप्पा, सेल्वी येऊन गेली

अप्पा,

मंगळवारी अर्धी रजा टाकून तुमच्या कोर्टात जाऊन आले. तुमचं म्हणजे इथलं, हॅम्बर्गचं, आमच्या घरापासून ऊ-बानने तीन स्टेशनांवरचं. दारातल्या तपासणीच्या यंत्रापाशी सुरक्षारक्षक यान्सन नेहमीसारखे उभे होते. मला एकटीला बघून त्यांनी माझ्या मागे नजर टाकली आणि हसून विचारलं, "रिष्टर कुठे आहेत? मे उजाडला की!" रिष्टर म्हणजे न्यायाधीश. तुमचं नाव त्यांना कधी उच्चारता आलं नाही, आणि तुम्हालाही या हाकेत काही गैर वाटत नव्हतं.

मी सांगितलं. मार्चच्या शेवटी, तुतुकुडीला, स्वतःच्या घरात, सकाळची कॉफी पिऊन पेपर उघडल्यावर. यायचं तिकीट काढलेलं होतं तेही सांगितलं.  मागची दोन माणसं यंत्रातून गेली, त्यांच्याकडे यान्सनचं लक्षच नव्हतं. मग एकदम म्हणाले, "पहिल्या दिवशी त्यांनी खिशातून काय काय काढलं, ठाऊक आहे तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "सुरक्षा व्यवस्था चोख आहे."

तर नेलकटर निघालं, चार सेफ्टी पिना निघाल्या, आणि कागदाच्या पुडीत बांधलेली राखाडी-पांढरी पूड निघाली! हॅम्बर्गच्या कोर्टाच्या दारात! यान्सननी ती पुडी दोन बोटांत धरली आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं, हे काय आहे? तुम्हाला तेव्हा जर्मनचा एक शब्द येत नव्हता. तुम्ही त्यांच्याहून गंभीर चेहऱ्याने पुडी सोडलीत, चिमूटभर विभूती घेऊन कपाळावर तीन पट्टे ओढलेत आणि त्यांच्या पुढेही पुडी धरलीत. सगळी रांग थांबली होती म्हणे. आम्ही दोघं तिथे उभ्या उभ्या इतकं हसलो की डोळे पुसायला त्यांनी मला टेबलावरचा कागदी रुमाल काढून दिला. स्वतःसाठीही एक घेतला.

अप्पा, तुम्ही गेल्यावर मी पहिल्यांदा नीट रडले ती तिथे, आणि तीही हसता हसता. तुम्हाला ते चाललं असतं.

तुमची माझी ओळखच मुळी सुनावणीने झाली. सेंथिलने मला बारा वर्षांपूर्वी तुमच्या घरी आणलं, तेव्हा वाटलं होतं की आईवडील म्हणून दोन गोष्टी विचाराल, साताऱ्याची मुलगी तमिळ घरात कशी रुळणार म्हणून काळजी कराल. तुम्ही सेंथिलला अंगणात बसवलंत, मला समोर घेतलंत आणि इंग्रजीत म्हणालात, "तुमचं म्हणणं मांडा." मी विमानाच्या केबिनचे आराखडे करणारी इंजिनिअर, मला म्हणणं मांडायची सवय नाही. काय बोलले ते आठवतही नाही. मग मला अंगणात पाठवून सेंथिलला आत बोलावलंत. अम्मा दोन्ही पक्षांना सारखेच वडे देत फिरत होत्या. शेवटी तुम्ही जाहीर केलंत की निकाल राखून ठेवला आहे. चार दिवस! पाचव्या दिवशी फोन आला आणि तुम्ही एकच शब्द बोललात, "अलाउड." मंजूर. सेंथिल फोन धरून नाचला आणि मला तुमचा जो राग आला होता तो पुढे वर्षभर पुरला.

आपली भाषा कायम इंग्रजीच राहिली, तरी मी तुम्हाला हाक आमच्या पद्धतीने मारायचे, "अहो अप्पा." तुम्हाला वाटलं, अहो हा काहीतरी किताब आहे. फ्रिजवर तुम्ही चिठ्ठी लावून जायचात, 'कोर्टात गेलो आहे, जेवायला येतो,' आणि खाली सही, 'अहो अप्पा.' खरा अर्थ मी तुम्हाला तीन उन्हाळे सांगितला नाही. माझ्या नावातला ध तुमच्या तोंडून कधी नीट निघाला नाही. मी मेधाची मेदा झाले. तेव्हा आपली फिटंफाट.

अम्मा गेल्या आणि तुम्ही दर उन्हाळ्यात तीन महिने इथे यायला लागलात. पाच उन्हाळे. पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही बाल्कनीत बसून सायकली मोजायचात.  ज्या माणसासाठी पंचवीस-तीस वर्षं रोज सकाळी साडेदहाला अख्खी खोली उठून उभी राहिली, तो माणूस आता इथे पोस्टमन आला तरी खुर्चीतून उठून उभा राहात होता. एक दिवस मला कोणीतरी सांगितलं की इथल्या कोर्टात सुनावण्या कुणालाही बसून बघता येतात. मी तुम्हाला सांगितलं मात्र, तुम्ही दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

भाषा येत नसताना तिथे बसून काय करता, असं सेंथिलने विचारलं. तुम्ही म्हणालात, "साक्षीदार खोटं बोलायला लागला की पाय हलवतो. त्याला भाषा लागत नाही."

मग नातच, आमची नीला, तुमची शिक्षिका झाली. ही पोरगी माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देणारी, पण तात्ताला, म्हणजे आजोबाला, शिकवायचं म्हटल्यावर तिचा उत्साह बघायला नको. अडचण एवढीच की तुम्ही शब्द आणायचात ते कोर्टातून. साक्षीदार, आरोपी, तहकुबी, अर्ज हे तुम्हाला आधी आलं, आणि पाव, दूध, डावीकडे, उजवीकडे नंतर. कोपऱ्यावरच्या बेकरीत तुम्ही काउंटरसमोर ताठ उभे राहून "इश ब्याआनट्रागं त्स्वाय ब्रोटशेन" म्हणालात, म्हणजे मी दोन पावांसाठी अर्ज दाखल करतो, तेव्हा नीला लाजून बाहेर पळाली होती. बेकरीवाल्या बाईंनी मात्र "अर्ज मंजूर" म्हणून पाव दिले. त्या दिवसानंतर तुम्ही दुसऱ्या बेकरीत पाऊल टाकलं नाहीत.

तुमच्या नोकरीच्या गोष्टी मला त्या उन्हाळ्यांतच कळल्या. वडील मिठागरावर मीठ तोलायचे. आमच्या घरात तराजू दोन पिढ्यांचा आहे, हा विनोद तुम्ही प्रत्येक निरोपसमारंभात केलात असं सेंथिल सांगतो, आणि निरोपसमारंभ चौदा झाले, कारण बदल्या चौदा झाल्या. सत्ताविसाव्या वर्षी मुन्सफ म्हणून पहिलं गाव मिळालं, तिथे कोर्टाच्या व्हरांड्यात शेळ्या बसायच्या आणि शिपाई त्यांना पक्षकारांच्या आधी हाकलायचा. जमिनीचा वाद असला की तुम्ही स्वतः सायकलवरून जागा बघायला जायचात, कोट घडी करून मागे बांधलेला. पुढे जिल्हा न्यायाधीश झालात. हायकोर्टात गेला नाहीत, त्याची खंत तुम्ही कधी बोलून दाखवली नाहीत. अम्मा दाखवायच्या. अम्मांच्या तीन ट्रंका कधी उघडल्याच गेल्या नाहीत, कारण पुढच्या गावाला भरायला वेळ लागू नये. सेंथिलच्या वाढदिवसाला केक असायचा आणि माणसं तीन, तुम्ही, अम्मा आणि तो. वर्गातल्या कुणाच्या वडिलांची केस तुमच्यापुढे येईल याचा नेम नाही म्हणून कुणाला बोलवायचं नाही. "न्यायाधीशाला शेजारी असतात," तुम्ही मला म्हणाला होतात, "मित्र ठेवणं बरं नाही."

म्हणून यान्सनचं मला फार अप्रूप होतं. सुट्टीच्या दिवशी ते तुम्हाला बंदरातल्या फेरीबोटीवर न्यायचे. तुम्हा दोघांत मिळून शब्द असतील वीसेक. तरी तुम्ही भिजून, नाक लाल करून, खूश होऊन परत यायचात. आयुष्यभर कोर्टातल्या एकाही माणसाशी तुम्ही घरगुती गप्पा मारल्या नव्हत्या. सत्तरी ओलांडल्यावर तुम्हाला मित्र मिळाला तो कोर्टाच्या दारातच.

आता ते भांडण.

गेल्या ऑगस्टमधला दिवस. तुम्ही चुकून दुसऱ्या मजल्यावर गेलात, तिथे कौटुंबिक खटले चालतात आणि ते बंद दाराआड चालतात. तुम्हाला बाहेर थांबवलं. पण एका खोलीचं दार उघडं होतं. आत बुटक्या खुर्च्या होत्या, लाकडी आगगाडी होती, आणि साधे कपडे घातलेल्या एक बाई जमिनीवर बसून खेळणी आवरत होत्या. यान्सननी तुम्हाला नंतर सांगितलं की त्या न्यायाधीश आहेत, आणि मुलांचं म्हणणं त्या तिथे बसून ऐकतात.

 त्या रात्री नीला झोपल्यावर आपण जेवायला बसलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझ्यापुढेही एक मुलगी आली होती. नीलाएवढी. नऊ वर्षांची."

आई गेलेली, चार वर्षं मावशीने सांभाळलेली. वडील आखातातून परत आले आणि त्यांनी मुलीचा ताबा मागितला. दोन्ही बाजू चांगल्या, कुणाला नाकारावं असं काही नाही. तुम्ही मुलीला विचारलंत. ती बोलली नाही. दोन्ही हात पाठीमागे लपवून उभी राहिली. तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत, मग वाट बघितलीत, आणि मग ताबा वडिलांना दिलात. मुलीचं नाव सेल्वी.

"कुठे बसून विचारलंत?" मी म्हटलं.

"कुठे म्हणजे? माझ्या खुर्चीत."

"तेवढ्या उंचावरून? सगळ्या वकिलांसमोर? ती कशी बोलणार होती अप्पा?"

"मेदा, कोर्ट म्हणजे बालवाडी नव्हे."

"मग आज तुम्ही बघून आलात ते काय होतं?"

सेंथिल मला खुणा करत होता. मी थांबले नाही. मी म्हटलं, "तुम्हाला फाईल पाठ आहे. ती मुलगी तुम्हाला आठवत नाहीये."

तुम्ही ताट तसंच ठेवून उठलात. पुढचे तीन दिवस माझ्याशी नीलामार्फत बोललात. "तुझ्या आईला सांग, रसम चांगलं झालंय." नीलाने तेही जर्मनमध्ये सांगितलं. मी नीलाला म्हटलं, तात्तांना सांग, त्यांना हवं तर त्या मुलीला शोधून विचारता येईल. तुमचं उत्तर आलं, न्यायाधीश आपल्या पक्षकारांचा पाठलाग करत नाही. तिथे ते मिटलं असं सेंथिलला वाटलं. मिटलं नव्हतं. विमानतळावर, आत जायच्या आधी, तुम्ही पासपोर्ट हातात धरून थांबलात आणि म्हणालात, "तिच्या परकरावर खडूचे डाग होते." आणि गेलात.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. चुकलं माझं, एवढं तरी. रांग पुढे सरकली आणि तुमची पाठ दिसत राहिली.

त्यानंतर दर रविवारी फोन व्हायचा. शेजाऱ्याची मोटर बिघडली, पेपर उशिरा येतो, आणि हिवाळ्यापासून एक नवीन तक्रार, गुडघे दुखतात. मी इथून मलम पाठवलं. कशाने दुखतात म्हणून विचारलं तर म्हणालात, "वय."

तुमचे गुडघे कशाने दुखत होते ते मला तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी कळलं.

आम्ही तिघं तुतुकुडीलाच होतो. सेंथिल कागदपत्रांसाठी बाहेर गेला होता. मी ओटीवर प्लास्टिकच्या खुर्च्या पुसत होते, तेवढ्यात चाळिशीच्या आसपासची एक बाई फाटकातून आत आली. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. माझ्या मोडक्या तमिळला तिने हसून इंग्रजीत उत्तर दिलं. "मी सेल्वी. सरकारी प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवते. जज्ज अय्या नोव्हेंबरमध्ये माझ्या शाळेत आले होते."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं, अप्पा.

तुम्ही एका निवृत्त कारकुनाकडून मावशीचं गाव काढलंत आणि मावशीकडून सेल्वीचा पत्ता. तरी थेट गेला नाहीत. आधी पोस्टकार्ड टाकलंत, 'आपल्या प्रकरणाची सुनावणी घेणारा मी निवृत्त न्यायाधीश आहे. एक प्रश्न विचारायचा आहे. नकार देण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.' तिने ते कार्ड दोन आठवडे उशीखाली ठेवलं होतं म्हणे. मग कळवलं, बुधवारी या, शेवटचा तास मोकळा असतो.

तुम्ही गेलात. पहिलीच्या वर्गात खुर्ची एकच, बाईंची. ती तिने पुढे केली. तुम्ही नको म्हणालात आणि मुलांच्या बाकावर बसलात. गुडघे छातीला टेकवून. आणि तिथून विचारलंत, "त्या दिवशी तू बोलली का नाहीस?"

सेल्वी मला म्हणाली, "मी अय्यांना म्हटलं, तुमचा प्रश्नच मला कळला नव्हता. तुम्ही विचारलंत, काप्पाळर म्हणून कोणाला स्वीकारतेस? काप्पाळर म्हणजे पालक, हे मला आता ठाऊक आहे. नऊ वर्षांच्या मुलीला काप्पु एवढंच ठाऊक होतं, काप्पु म्हणजे हातातलं कडं. मावशीने त्याच सकाळी माझ्या हातात तिची कडी घातली होती. मला वाटलं, हे साहेब कडी कोणाला देणार म्हणून विचारतायत. म्हणून मी हात मागे लपवले. तुम्ही तीनदा विचारलंत, मी तीनदा आणखी घट्ट लपवले."

"मग अप्पा काय म्हणाले?"

"आधी खूप हसले. मग हसता हसताच चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले."

मग तुम्ही तिला विचारलंत की निकाल चुकला का. मला वाटतं, हा प्रश्न विचारायला तुम्हाला चौदा बदल्यांहून जास्त लांब जावं लागलं असेल. ती म्हणाली, वडिलांनी शिकवलं, प्रत्येक सुट्टीत मावशीकडेही पाठवलं. मावशीकडेच राहिले असते तर काय झालं असतं, ते आयुष्य मी जगलेच नाही, मग त्याचं काय सांगू? "पण अय्या," ती म्हणाली होती, "दोन वर्षं मी रोज झोपताना तुमच्याशी भांडायचे. ते भांडण आज मिटलं."

तिथून तुम्ही घरी यायचं, तर तुम्ही तिला विचारलंत, पुढच्या बुधवारी येऊ का? आणि दर बुधवारी गेलात. पहिलीच्या पोरांना सोप्या तमिळमध्ये कोर्ट समजावून सांगायला. नियम असा की तुम्ही एकही अवघड शब्द वापरला की वर्गाने "ऑब्जेक्शन!" म्हणून ओरडायचं. पहिल्या बुधवारी तुमचं एकही वाक्य पूर्ण होऊ शकलं नाही. शेवटच्या बुधवारी, पेपर उघडलात त्याच्या आदल्याच दिवशी, अख्ख्या तासात एकच ऑब्जेक्शन आलं होतं. सेल्वीने हे सांगताना छाती अशी फुगवली की जणू तुम्ही तिचे विद्यार्थी होतात. होतातच म्हणा. मग नीलाला जवळ बसवून ती तिच्याशी तमिळमध्ये तुमच्याबद्दल बोलत राहिली.

ती गेल्यावर मी ओटीवर बसून राहिले. मला राग आला होता. वीसेक रविवार तुम्ही मला शेजाऱ्याची मोटर ऐकवलीत आणि हे नाही. मग कळलं, सांगितलं असतंत तर मेधाचं बरोबर होतं हे कबूल करावं लागलं असतं. आणि खरं सांगू? माझंही पूर्ण बरोबर नव्हतं. मी खुर्चीच्या उंचीवरून भांडले. अडलं होतं एका शब्दावर. आणि परकरावरचे खडूचे डाग तीस वर्षं लक्षात ठेवणाऱ्या माणसाला मी म्हटलं होतं की तुम्हाला मुलगी आठवत नाही. तेवढं माझं मागे घेते, अप्पा. फार उशिरा घेते.

परत आल्यावर मला एक गोष्ट लागून राहिली. दर शनिवारी सकाळी मी नीलाला मराठीच्या वर्गाला नेते. चार वर्षं झाली. ती रडत नाही, भांडत नाही, ऊ-बानमध्ये खिडकीशी बसून गप्प असते, आणि मी त्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा लावला होता. तुम्ही लावला होता तसाच माझ्या सोयीने काहीतरी. परवा मी तिच्या खोलीत जमिनीवर बसले आणि साध्या शब्दांत विचारलं, "नीला, तुला मराठीच्या वर्गाला जायला आवडतं का?"

 ती बोलायला लागली आणि वीस मिनिटं थांबली नाही. वर्गात सगळे तिच्याहून लहान आहेत. मराठी तिला कळतं, घरात ऐकून ऐकूनच येतं. तिला तो वर्ग नको आहे. तिला तमिळ शिकायचंय. सेल्वीटीचर तात्तांबद्दल इतकं बोलत होत्या आणि तिला त्यातलं अर्धंही कळलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलंय. तमिळचा वर्ग आल्टोनाला भरतो, तोही शनिवारीच, तिने स्वतः शोधून काढलाय. हे सगळं अर्थात जर्मनमध्ये.

मला काय वाटलं ते तुम्ही ओळखलं असेल. साताऱ्याला माझ्या आईला हे कसं सांगायचं, हा पहिला विचार. दुसरा विचार, हा माणूस जाऊनसुद्धा माझ्याविरुद्ध निकाल लावतोय. मी ऐकून घेतलं. मध्ये बोलले नाही. फक्त शेवटी विचारलं, "मी पण येऊ का वर्गाला? मागच्या बाकावर बसेन."



"माल झेहेन," ती म्हणाली. म्हणजे बघू.